बाईक मेघनाच्या बाबांना द्यावी

मी, प्रबुद्ध निवृत्ती सोनकांबळे, वय तेवीस, राहणार नारायणगुडा, हैदराबाद, पाय मोडला असला तरी डोकं शाबूत असताना, स्वतःच्या मर्जीनं हे लिहून ठेवतो. उद्या ऑपरेशन आहे. आई म्हणते, असलं अभद्र लिहू नक्को. लिहितोच.

१. माझी बाईक श्री. गिरीशराव औंढेकर यांना द्यावी. ते मेघनाचे वडील, एका बाईक कंपनीचे मालक आणि बाईक बनवणाऱ्या कंपन्यांच्या संघटनेचे अध्यक्ष. ओल्या रस्त्यावर चाक जाम होऊ न देणारा ब्रेक, म्हणजे एबीएस, लहान गाड्यांनाही सक्तीचा होणार होता. साहेब दिल्लीला जाऊन आले. गरिबाची गाडी महाग होईल, म्हणाले. नियम पुढे ढकलला गेला. गरिबाला कुणी विचारलं नाही. मी बेगम बाजारात पाण्यावर ब्रेक दाबला आणि गरीब कुठवर घसरतो ते पाहिलं. गाडी माझा मित्र प्रज्ञेश यानं टेम्पोत घालून त्यांच्या फाटकासमोर उतरवावी. दुरुस्त करू नये.

२. इंजिनिअरिंगची पुस्तकं आबिड्सच्या रविवारच्या फुटपाथवर विकावीत. कॉलेज सोडून मी औंढेकरांच्याच कंपनीच्या शोरूममध्ये लागलो. वाटलं, धंद्यातला जावई आवडेल. यावर कुणी हसू नये.

३. पान्यांची पेटी प्रज्ञेशला. त्यानं अजून एकदाही "सांगितलं होतं ना" म्हटलेलं नाही.

४. गेल्या महिन्यात हिमायतनगरला त्यांच्या घरी मेघनाचा हात मागायला गेलो होतो. चहा मिळाला. नकाराचं खरं कारण आमची जात. ते त्यांनी तोंडातून काढलं नाही. बाईकवर ढकललं. माझ्या मुलीला त्या गाडीवर बसवायचं नाही, म्हणाले.

मी म्हणालो, "काका, गाडी तुमच्याच कंपनीची आहे."

"म्हणूनच सांगतोय."

हे वाक्य मी त्यांना परत करतो. पुढच्या वेळी दिल्लीला नेता येईल.

५. लहान हेल्मेट मेघनाचं. बाबांना चोरून माझ्यामागे बसायची तेव्हा घालायची. ती अजून दवाखान्यात आलेली नाही. येऊ दिलं नसेल, असं मी धरून चालतो. मेघना, नियम येईपर्यंत असल्या गाडीवर बसू नकोस. माझ्यामागे नाही, आणि ज्याच्याशी तुझं लग्न लावतील त्याच्यामागेही नाही. या एका कलमापुरते तुझे बाबा आणि मी एकमताचे आहोत.

साक्षीदार:
इंदुताई वाघमारे, वॉर्डातल्या सिस्टर (सही करताना म्हणाल्या, "उद्या तूच फाडशील हे.")
प्रथमेश जोंधळे, शेजारची खाट

सही: प्रबुद्ध सोनकांबळे
हैदराबाद, १९ जुलै २०२६