काठ हाय तसा ठेवण्याचं काम

ति. दाजींच्या पायांवर गुंडाचं डोकं.

इकडं समदं क्षेम हाय असं लिहायची रीत हाय म्हणून लिहिलं. क्षेम काय बी न्हाई. तुमचा गुडघा कसा हाय? आटपाडीच्या उन्हात फुकट शेकून निघत आसंल. अक्काला सांगा, धाडलेल्या शेंगा पोचल्या. (निम्म्या पोरांनी खाल्ल्या, निम्म्या मी. मंडळींच्या वाट्याला टरफलं आली, तो राग अजून चालू हाय.)

दाजी, डोकं फिरायची पाळी आलीय. तुमाला ठावं हाय, आपल्या गावच्या नदीकाठासाठी सरकारी निधी आलाय. वाळुंज, करंज ही काठाची झाडं हैत तशी राखायची, प्लॅस्टिक वेचायचं, जेसीबी आत येऊ द्यायचा न्हाई, एक राखण्या ठेवायचा. समितीचा अध्यक्ष मी (फौजेत सतरा वर्षं सरहद्द राखली, काठ बी राखंल, असा गावाचा अंदाज). तर मार्च तोंडावर आला अन् हापिसातनं कागद आला : कामापूर्वीच्या व कामानंतरच्या फोटोत फरक आढळून येत नाही, सबब काम झाल्याचे दिसून येत नाही, खुलासा करावा, अन्यथा निधी सुशोभीकरणाकडे वळविण्यात येईल. आता मला सांगा, हाय तसं ठेवायचं हेच काम, तर फरक आणू कुठनं? उद्या म्हणतील, गुंडा सतरा वर्षं सरहद्दीवर हुता, पण सरहद्द हाय तिथंच हाय, सबब पेन्शन बंद! आमचे मेंबर पप्पूशेठ, त्यांना तर आनंदाच्या उकळ्या फुटल्या. त्यांना तिथं पेव्हर ब्लॉक, रंगीत कारंजं अन् सेल्फी पॉइंट पायजे. नमुन्याचा ब्लॉक गाडीच्या डिकीत घालून फिरत्यात अन् दिसंल त्याला हातात देत्यात.

मग समितीत एक डोकं चाललं (माझंच). म्हटलं, आधीचा फोटो चांगला आला हीच चूक झाली, आता एक वाईट काढू. जत्रेतल्या पत्रावळ्या, ग्लास, कुणाची तरी फाटकी गादी, अशा दोन ट्रॉल्या काठावर पसरल्या. फोटो झ्याक आला. दुपारी उचलायचं ठरलं, तर ट्रॅक्टरवाला गेला मलकापूरला पावण्याच्या लग्नात. अन् परवा येणाऱ्या स्वानंदी मॅडम, पाहणीच्या सायब, त्याच दिवशी हजर! गाडीतनं उतरून पहिलं काय केलं? फोटो काढला. म्हणजे आता फाइलीत आधीचा फोटो हिरवागार अन् नंतरचा उकिरडा. फरक पायजे हुता न्हवं, घ्या फरक! हात दाखवून अवलक्षण म्हणत्यात ते ह्येच.

मी खुलासा जुळवतोय (वारं, माकडं, वरच्या गावची माणसं) तवर बनुबाई शेरडं घेऊन आली. काठाला लागून घर हाय ती म्हातारी, तुमाला आठवत आसंल. ती सरळ म्हणाली, "बाईसाहेब, ही घाण ह्येनीच टाकलीया, फोटूपायी." मला तोंड लपवायला जागा उरली न्हाई. पण मग तिनं एकोणीसच्या महापुराचं सांगितलं. वरच्या अंगाला झाडं तोडून काठ साफ केला हुता, तिथली माती बांधासकट वाहून गेली. हितं वाळुंजांनी धरून ठेवली, म्हणून तिची भिंत पडली तरी घराखालची जमीन ऱ्हायली. "आता ही झाडं गेली तर पुढच्या पुरात मीच जाईन," म्हणताना म्हातारीचा आवाज फाटला. दाजी, मला बी भरून आलं, खोटं कशाला सांगू.

मॅडम विरघळल्या, पण अर्ध्याच. आठ दिवसांत काठाची सरकारी मोजणी करून घ्या, अतिक्रमण काढा, तर निधी हितंच. न्हाईतर पप्पूशेठचे ब्लॉक. अन् अतिक्रमण हाय बरं का! काही हावरट लोक दर साली उसाची एकेक सरी काठात सरकवत्यात. मी सभेत ठणकावून सांगितलं, असल्यांची नावं चावडीवर लावा. लय टाळ्या पडल्या.

अक्काला नमस्कार, भाचरांना आशीर्वाद.

तुमचा मेहुणा,
गुंडा

ता. क. : तुमी उभा जन्म मोजणी खात्यात घातला. सरकारी मोजणी यायच्या आधी, बुधवारी टेप घेऊन या. गुडघ्याला तेल मी चोळीन.

ता. क. दुसरा : ते हावरट लोक म्हणजे मी. पाच सऱ्या. ऊस उभा हाय. आपलं ठेवायचं झाकून अन् दुसऱ्याचं बघायचं वाकून, दुसरं काय! एवढं अक्काला वाचून दाखवू नका.

ता. क. तिसरा : हद्दीचा दगड सरकवायला बोलावतोय असं समजू नका. (सोमवारी तसा इचार आला हुता.) पण काल बनुबाई शेरडीचं दूध घेऊन आली अन् म्हणाली, तू हाईस म्हणून काठ हाय रं बाबा. ते दूध अजून घशाखाली उतरलं न्हाई. उसावर कोयता मीच घालीन. फक्त मोजताना टेपचं एक टोक तुमी धरा अन् दुसरं बनुबाईला द्या. माझ्या हातात देऊ नका.