तिसरी क्लचप्लेट

जुन्नर, मंगळवार, १२ फेब्रुवारी १९५७

परवा तिसरी क्लचप्लेट जळाली. मोटारीला मोठं इंजिन बसवून चार महिनेही झाले नाहीत. डिंभ्याच्या चढावर तोच जळका वास, आणि गाडी थांबली. पुढच्या वाडीत सखूबाई बाळंतपणात अडली होती. बॅग घेऊन धावत गेलो. बाई आणि मूल दोघंही वाचली, पण थोडक्यात.

आज नवी प्लेट बसवणाऱ्या इब्राहिम मिस्त्रींवर चिडलो. त्यांनी शांतपणे विचारलं, "डाक्टर, वाटंत पेशंट हाक मारत्यात, तवा काय करता?"

"थांबतो. खिडकीतूनच जीभ बघतो, गोळ्या देतो."

"चढावर? आन् गाडी कशावर धरता?"

माझा डावा पाय आपोआप क्लच दाबल्यासारखा हलला.

"गाडी अर्ध्या क्लचवर धरली की जुनं इंजिन बंद पडायचं, म्हून तुमी ब्रेक वडायचा. ह्ये लई दमाचं हाय, धरून ऱ्हातंय. प्लेट घासती. इंजिन न्हाई राव, तुमचा पाय बिघडलाय."

खरं आहे. अर्धा दाबलेला क्लच, आणि मी खोकल्याची हकिकत ऐकतोय. घाई होती? की खाली उतरायचा आळस? तो जळका वास मी पेट्रोलवर ढकलत होतो.

सखूबाईला ताप आलाय. उद्या पुन्हा तोच चढ. हाक आली तर ब्रेक ओढायचा, इंजिन बंद करायचं, उतरायचं. छातीला नळी लावून नीट तपासायचं. त्याला वेळ लागेल, पण सखूबाईकडे उशीर चालणार नाही. तासभर आधी निघेन.