आढ्यावरची फट कोणी बुजवू नये

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एक्याऐंशी, धंदा गाई पाळणे, असे लिहून ठेवते की आज माझे डोके ठिकाणावर आहे, चष्म्याने दिसते, आणि काय लिहायचे ते मला कोणी पढवलेले नाही. पढवायला आलेल्यांना मी दारातूनच वाटेला लावले. यापूर्वी मी दोन मृत्युपत्रे केली होती, ती दोन्ही या लेखाने रद्द समजावीत. वकील म्हणाले, मिळकत तेवढी लिहा, बाकीचे मनात ठेवा. मनात ठेवून ठेवून आंबले आहे, म्हणून तेही लिहिते.

१. राहते घर, त्यातील भांडीकुंडी, पलंग व कपाटांसह, माझ्या एकुलत्या एका मुलाला द्यावे. त्याचा धंदा लोकांच्या घरांना थंडी लागू नये म्हणून भिंती आणि छपरे बुजवून देण्याचा आहे. त्याला बंद खोल्या आवडतात. त्याने त्यांत सुखाने राहावे, खिडक्या उघडायला मी येणार नाही.

२. माझे धाकटे दीर, म्हणजे भाऊजी, यांना जुन्या गोठ्याचा दरवाजा देते. तो मागच्या पडवीत भिंतीला टेकून ठेवलेला आहे. जुना गोठा त्यांच्या सल्ल्याने बांधलेला होता. चारा अंगणापलीकडच्या शेडमध्ये, पाणी दुसऱ्या टोकाला, आणि या एकाच दरवाजातून चारा आत यायचा व शेण बाहेर जायचे. लग्नानंतरचा पहिला हिवाळा मी दोन बादल्या घेऊन त्या दरवाजातून ये-जा करण्यात घालवला. बादलीतले पाणी अंगणातच गोठायला लागायचे. भाऊजी चुलीपाशी बसून म्हणायचे, "वहिनी, सवय होईल." मला सवय झाली नाही. दरवाजा त्यांनी दिवाणखान्यात लावावा.

३. गोठा. याबद्दल नीट लिहिते, कारण ही एकच गोष्ट मी जन्मात धड केली.

दुसऱ्या हिवाळ्याच्या आधी मी अंगणात खडूने गोठा आखला. गाईंच्या जागी दगड ठेवले, रिकामी बादली घेतली आणि रोजची सगळी कामे त्या रेघांमध्ये चालून पाहिली. जिथे दोनदा वळावे लागले तिथली रेघ पुसली. आठ दिवस हे चालले होते. शेजारचे कुंपणावर हात टेकून बघायचे, आणि माझे यजमान लाजून घरात बसायचे. शेवटी नळ अशा कोपऱ्यावर आला की चार कप्प्यांना पाणी एकाच जागी उभे राहून देता यावे. चाऱ्याचा माळा थेट गव्हाणीवर, मध्ये झडप. झडप उघडली की गवत गाईच्या तोंडाशी. वासरांचा कप्पा नळाशेजारी, म्हणजे धार काढताना मान वळवली की दिसतात. जमिनीला मागे उतार, शेणाची वाट वेगळी. पेंढ्याचा थर हिवाळ्यात काढायचा नाही, वरून नवा टाकत राहायचा, खालून ऊब येते. वाऱ्याकडची भिंत पूर्ण बंद, उन्हाकडची खिडक्यांची.

आणि वळचणीखाली झरोके, व आढ्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत हातभर रुंदीची फट. गाय रात्रंदिवस श्वास सोडते, मुतते, तिला घाम येतो. ती वाफ वर जाऊन फटीतून बाहेर पडली पाहिजे. गाईला कोरडी थंडी सोसते, ओल सोसत नाही. एवढी साधी गोष्ट आहे. ज्यांना ती कळत नाही त्यांच्यात शिकलेली माणसे जास्त निघाली.

गोठा उभा राहिला आणि त्या हिवाळ्यात आमचे एकही वासरू दगावले नाही. मग शेतकी प्रदर्शन भरले, गोठ्याला पदक मिळाले. भाऊजी व्यासपीठावर चढले आणि म्हणाले, "ही कल्पना आमच्या घराण्याच्या डोक्यातली." घराण्याचे डोके त्या वेळी गोठ्यात शेण ओढत होते. पदक अजून त्यांच्या कपाटात आहे, ते त्यांच्याकडेच राहू द्यावे. मला ते बघायचेही नाही.

४. सदर गोठा, त्याखालील जमीन, नळ, माळा, व हयात असतील तितकी सर्व जनावरे मी माझ्या सुनेला देते. तिच्या एकटीच्या नावे, पूर्ण मालकी हक्काने. माझ्या मुलाचा, म्हणजे तिच्या नवऱ्याचा, त्यात कोणताही हक्क वा हितसंबंध राहणार नाही. त्याने गोठ्यात शिडी लावू नये. पहिल्या पायरीवरसुद्धा पाय ठेवू नये. बँकेत माझ्या नावे जे काही शिल्लक राहील ते चाऱ्याला जावे.

५. शेणाचा फावडा, धारेचे स्टूल, विण्याच्या वेळचे मऊ दोर, हेही सुनेला. ती ते आजही वापरते, तेव्हा देते म्हणणे नुसते मिरवणे आहे.

दूधगाडीवाल्याला माझा थर्मास द्यायचा होता, रोज पहाटे तो त्याच्यावर हात शेकतो. पण साक्षीदाराला काही देता येत नाही असे वकील म्हणतात, आणि मला साक्षीदार त्याच्याइतका सरळ दुसरा मिळणार नाही. तेव्हा थर्मास जिवंतपणीच दिला.

६. आता जे लिहायचे ते लिहिते. वकिलांनी हे कलम दोनदा काढून टाकले, मी दोनदा परत घातले.

तीन हिवाळ्यांपूर्वी माझे खुब्याचे हाड मोडले आणि मी बावीस दिवस दवाखान्यात होते. घरी आणले त्या दिवशी मुलगा गाडीशीच म्हणाला, "आई, गोठा बघशील तर खूश होशील. आत बनियनवर फिरता येतं आता." चार वासरांपैकी तीन तोवर मेलेली होती, हे त्याने त्यानंतर सांगितले. चौथ्याशेजारी जनावरांचे डॉक्टर गुडघ्यांवर बसले होते.

मी वॉकर धरून आत गेले आणि माझे डोळे चुरचुरले. मुताचा वास असा की घशात बसला. मानेवर थेंब पडला, पत्र्यावरून. मी वर पाहिले. आढ्यावर उजेडाची रेघ असते, ती नव्हती. या टोकापासून त्या टोकापर्यंत पिवळा फोम फुगून बसला होता. वळचणीचे झरोकेही प्लॅस्टिकने बंद. माझ्या मुलाने स्वतः आत येऊन बघितले, त्याला स्वतःला गार वाटले, म्हणून गाईंना गार वाटत असेल असे त्याने ठरवले. आपल्या कातडीने गोठा मोजणारा माणूस माझ्या पोटी आला, याची शिसारी येते. वासरांची फुप्फुसे भरून गेली होती.

डॉक्टरांनी विचारले, "चीक वेळेवर पाजला होता ना?"

सून म्हणाली, "हो डॉक्टर, तासाच्या आत. पण हे बघा, वर..."

मुलाने माझ्याकडे पाहिले. आमच्या गोठ्याच्या नावावर त्याला शेजारच्या तिघांनी गोठे बांधायला सांगितले होते. मी एका क्षणात सगळे समजले, आणि त्याच क्षणात म्हणाले, "कसला तासाच्या आत! मी नव्हते, सगळं हिच्यावर होतं. चीक पाजायला उशीर झाला असणार. हिला वेळेचं भान कधी होतं?"

सून वासराचे अंग पुसू लागली. डॉक्टरांनी वहीत लिहिले: चीक पाजण्यास विलंब. डॉक्टरांची फेरी संपली की ती वही डेअरीच्या काउंटरवर पडलेली असते, येणारा जाणारा चाळतो. मी दुपारी मुलाला बोलावून फोम उपसायला लावला, कोणी बघत नाही असे पाहून. चौथे वासरू वाचले. ती कालवड आता दूध देते.

सुनेचे नाव वाचले नाही. त्याआधी आजूबाजूच्या चार-पाच घरांतून तिला विण्याच्या वेळी बोलावणे यायचे. अडलेले वासरू फिरवायला तिच्यासारखा हात मी पाहिला नाही, माझासुद्धा नव्हता. बोलावणी थांबली. डेअरीवर तिला "उशिराबाई" म्हणतात. तिच्या तोंडावर म्हणतात. मी तिथे उभी असतानाही लोक म्हणाले, आणि मी दुधाचे माप बघत उभी राहिले.

मुलाने तिघांचे गोठे बांधले. तिन्ही बंद डब्यासारखे आहेत आणि तिन्ही घरांची वासरे खोकतात. मला त्याचा राग आहे, पण किळस येते ती माझीच. त्याला कळत नव्हते. मला कळत होते.

७. गेल्या मंगळवारी मी हे सगळे सुनेला सांगितले. ती पेंढा पसरत होती. मी म्हणाले, "गोठा तुझ्या नावावर करतेय. त्या दिवशी मला माहीत होतं, फोम मी बघितला होता."

तिने फावडा खाली ठेवला नाही. म्हणाली, "मला माहीत आहे, आई. तुम्ही वर बघितलंत, तेव्हा मी तुमच्याकडेच बघत होते."

तीन वर्षे. तीन वर्षे तिने माझा खुबा चोळला, मला न्हायला घातले, माझ्या औषधांच्या वेळा एकदाही चुकवल्या नाहीत, आणि सगळे माहीत असताना. मी विचारले, "मग बोलली का नाहीस?"

"माझं कोणी ऐकलं असतं?" म्हणाली. मग पेंढ्याचा थर सारखा करत, "गोठ्याचं तुम्ही काय ते ठरवा. पण माझ्याबद्दल डॉक्टरांसमोर बोललात, तर खरंही त्यांच्यासमोरच बोला. मेल्यावर वाचून दाखवायला ठेवू नका."

म्हणून हे मृत्युपत्र मी बंद पाकिटात ठेवत नाही. आज गोठ्यातच मुलगा, सून व दोन्ही साक्षीदार यांना उभे करून मी ते स्वतः पहिल्यापासून इथपर्यंत वाचून दाखवले आहे. सहावे कलम वाचताना मुलगा बाहेर निघाला होता, त्याला थांबवले. मला मध्ये दोनदा बसावे लागले. भाऊजींना निरोप होता, ते आले नाहीत, त्यांना थंडी सोसत नाही.

येणेप्रमाणे मृत्युपत्र लिहून ठेवले असे. कोणी कोर्टात गेल्यास सहावे कलम तिथेही मोठ्याने वाचावे.

सही

स्थळ: गोठा, चाऱ्याच्या माळ्याखाली
दिनांक: ९ डिसेंबर, सकाळची धार झाल्यावर

साक्षीदार पहिला, दूधगाडीवाला: माझ्यासमोर वाचले, माझ्यासमोर सही केली. उशिराबाई हे नाव मीही घेतले आहे. सही.

साक्षीदार दुसरा, जनावरांचा डॉक्टर: माझ्यासमोर वाचले व सही केली. साक्षीखाली एवढे माझ्या हाताने लिहितो की त्या दिवशी गोठ्यात शिरताच माझेही डोळे चुरचुरले होते आणि वर मीही पाहिले होते. घरच्या मोठ्या बाई बोलल्या ते लिहून घेतले, कारण मला पुढच्या घरी जायचे होते. वही गाडीतून आणून ती नोंद आज खोडली व मृत्यूचे खरे कारण लिहिले. सूनबाईंना दाखवली. त्यांनी दोनदा वाचली आणि म्हणाल्या, "शेजारी आजची तारीख घाला. किती उशीर झाला आणि कोणाला झाला, तेही दिसू दे." तारीख घातली आहे. सही.