अडतीस दोषांचं घर

४ फेब्रुवारी

जाहिरात काढली. आठ महिने साइटवर पडून होती. दोनफोने म्हणतो, शिळी झाली. (दोनफोने म्हणजे एजंट. एक फोन कानाला, दुसरा हातात. आडनाव मी दिलंय, त्याला माहीत नाही.) तीन आठवडे घर बाजारातून गायब करायचं. मग नवे फोटो, नवा मजकूर, आणि पुन्हा टाकायचं — जणू कालच बांधलं. "लोकांना वाटलं पाहिजे, अरे, हे इतके दिवस कुठे होतं?"

मजकूर मी लिहायचा. "तुम्ही लेखिका ना? मग लिहा की." आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी माझ्याकडे काहीतरी लिहून मागितलं.

आणि एक अट. यापुढे बाबांनी घर दाखवायचं नाही.

६ फेब्रुवारी

ही अट का, ते लिहून ठेवते. पुढे विसरेन, किंवा सोयीनं आठवेन.

बाबा चौतीस वर्षं लोखंड ओतायच्या कारखान्यात माल तपासायचे. ओतलेला भाग टेबलावर, हातात छोटी हातोडी. टक् — आणि कान. चांगला भाग घंटेसारखा वाजतो. आत तडा असेल तर बद्द आवाज. दिवसाला शेकडो टक्. नापास मालावर लाल चिठ्ठी, चिठ्ठीवर कारण, कारणाखाली सही. जेवताना सांगायचे, "तडा लपवणारा आणि खोटं कारण लिहिणारा, दोघं सारखेच चोर."

घरही त्यांनी तसंच दाखवलं. आलेल्या माणसाच्या हातात आधी कागद. टाइप केलेला, सही केलेला. दोष, एक ते अडतीस. माणूस दारातच वाचायचा, मग घड्याळ बघायचा, मग जायचा. पाणी प्यायलाही थांबायचा नाही.

हा कागद दोनफोनेच्या हाती लागला आठव्या महिन्यात. डोक्याला हात लावून बसला. "मी इथे दुकान मांडतोय, आणि तुमचे वडील दारात उभे राहून सांगतायत, माल खराब आहे!"

९ फेब्रुवारी

बाबा ताईकडे गेले. ताईच्या दोन खोल्या. त्यात ती, भावोजी, एक पिल्लू, आणि दुसरं मेमध्ये. बाबा बाहेरच्या खोलीत, घडीच्या खाटेवर. हे घर विकायचं आणि सगळ्यांनी मिळून मोठं घ्यायचं, असं ठरलंय. सुचवलं बाबांनीच. आई गेल्यानंतर, सगळ्यांसमोर, शब्द दिला. मेच्या आत व्हायला हवं.

राखणीला मी. रिकामं घर विकलं जात नाही म्हणे, राहतं घर विकलं जातं. मी तरी कुठे राहत होते — चौघींच्या खोलीत एक कॉट. ताई म्हणाली, "तुझी मजा आहे, शहाणे. फुकटात अख्खं घर."

११ फेब्रुवारी

वरच्या मागच्या खोलीत टेबल नेलं. चार पानं झाली.

१२ फेब्रुवारी

सात.

१५ फेब्रुवारी

एवढी शांत खोली मी पाहिली नव्हती. लहानपणी हीच खोली होती, पण तेव्हा आम्हीच आवाज होतो. खिडकीखाली सुताराची शेड. पाटी अजून आहे, सुतार दोन वर्षांपूर्वीच मुलाकडे राहायला गेला. दुपारी पेन कागदावर चालल्याचं ऐकू येतं. चौघींच्या खोलीत मला वाटायचं माझी वाक्यं तुटक आहेत, ती माझी शैली आहे. शैली कसली, कुणीतरी केस वाळवत असायचं.

१९ फेब्रुवारी

मजकूर. मसुदा एक : "या घरात दोन जिने आहेत. एक वर जातो, एक खाली येतो. तोच."

दोनफोने : "हे काय आहे?"

मसुदा दोन, नुसती क्रियापदं : "या. चढा. थांबा. ऐका. राहा."

दोनफोने : "बेडरूम किती, ते कुठंय?"

मसुदा तीन : "तीन बेडरूम, भरपूर उजेड, शांत परिसर."

दोनफोने : "वा. आता कसं लेखिकेसारखं लिहिलंत."

२६ फेब्रुवारी

घर पुन्हा बाजारात. फोटोत स्वयंपाकघर इतकं मोठं आलंय की मीच जरा वेळ ओळखलं नाही.

१ मार्च

पाच जण येऊन गेले. "छान आहे." "छान आहे हं." "छानच आहे, कळवतो."

संध्याकाळी बाबांचा फोन. कोण आलं, काय करतात, काय म्हणाले.

"कागद दिलास?"

"नाही बाबा."

"मग त्यांना कळणार कसं?"

काय कळणार, ते विचारायला हवं होतं. लिखाणात डोकं होतं.

८ मार्च

आतापर्यंत अकरा जण. सगळ्यांना छान वाटलं, परत कुणीच आलं नाही. दोनफोने दोन्ही फोन खिशात घालून बसला होता. हे मी पहिल्यांदा पाहिलं.

ताईचा फोन. "बाबा चमच्यानं माझ्या फरश्या वाजवत फिरतायत. सोळा पोकळ निघाल्या. आकडा रोज सांगतात. तुझे भावोजी काही बोलत नाहीत. पण ते किती बोलत नाहीत, ते मला ऐकू येतं." मग एकदम आवाज उतरला. "लवकर विक गं बाई. माझं पोट आणि बाबांची खाट एका खोलीत मावत नाही आता."

म्हटलं, प्रयत्न करतेय. पान चौऱ्याऐंशी.

१० मार्च

एक नर्स आली. ऑक्टोबरमध्येही येऊन गेली होती, बाबा असताना. आत आल्या आल्या म्हणाली, "ते गृहस्थ कुठायत? कागद देणारे?"

मी म्हटलं, आता कागद देत नाही.

"अरे." खरंच वाईट वाटलं तिला. "तेव्हा अडतीस दोष म्हणजे फार वाटले. नंतर सोळा घरं पाहिली. सगळी छान. कशात काय लपवलंय, देव जाणे. हे एकच घर मला पूर्ण माहिती आहे."

तिची कायमची रात्रपाळी. दिवसा झोपते. मागच्या खोलीत जाऊन डोळे मिटून उभी राहिली, चांगली पाच मिनिटं. माझ्या टेबलाला हात टेकवून. मग म्हणाली, तो कागद मिळाला तर बरं होईल, एकेक दोष बघून घेईन.

स्वयंपाकघराच्या खणात एक प्रत सापडली.

११ मार्च

तिला द्यायच्या आधी आपण एकदा पडताळून बघावं, म्हणून कागद घेऊन घरभर फिरले.

क्र. ४ : न्हाणीघराच्या कोपऱ्यात ओल. आहे.

क्र. ९ : मागचं दार फुगतं. फुगतं.

क्र. १४ : खालून तिसरी पायरी वाजते. नाही वाजत. उड्या मारल्या. दोन्ही पायांनी. नाही वाजत.

क्र. २२ : मागच्या खोलीची खिडकी पूर्ण लागत नाही. मी ती महिनाभर रोज लावतेय.

क्र. ३१ : त्याच खोलीचं छत गळतं. छतावर डाग तर सोडा, रंगही उडालेला नाही.

तास गेला. पेन्सिलीनं फुल्या मारल्या. एकोणीस.

एकोणीस दोष या घरात नाहीतच. आणि खाली बाबांची सही.

१२ मार्च

फोन केला. "बाबा, ऑक्टोबरात आलेल्या नर्सबाईंना तो कागद हवाय. पण त्यातले काही दोष सापडत नाहीयेत."

पलीकडे पिल्लाचं कार्टून चालू होतं. बाबांनी ते बंद केलं.

"किती?"

"एकोणीस."

"नीट बघ. एकवीस आहेत."

मी पेन्सिल खाली ठेवली.

"चौतीस वर्षांत एक खोटी लाल चिठ्ठी नाही लावली मी."

"माहितीये, बाबा."

"शब्द देऊन बसलो होतो. आता कुठल्या तोंडानं नाही म्हणणार? म्हटलं, घरच नापास होऊ दे." मग खोकले. "त्या बाईंना शनिवारी बोलव. मी येतो."

१५ मार्च, शनिवार

बाबा आले, इस्त्रीच्या शर्टात. खिशात हातोडी. नर्सला घेऊन खोलीखोलीतून गेले. प्रत्येक भिंत, प्रत्येक फरशी. टक्. कान. "ही पोकळ, लिहून घ्या. ही चांगली. ही पण चांगली." नर्सही कान लावून ऐकत होती. म्हणाली, आमच्याकडे डॉक्टर पाठीवर असंच वाजवून बघतात. बाबा इतके खूश झाले की तीच भिंत तिला पुन्हा वाजवून दाखवली.

आधीच्या कागदाबद्दल स्वतःच बोलले. "त्यात एकवीस खोटे होते. माझी चूक." एवढंच. तिनं कारण विचारलं नाही. रोज आजारी माणसांत असते, काय विचारू नये ते तिला कळत असणार.

मागच्या खोलीत तिनं सुताराच्या पाटीकडे बोट दाखवलं. "दुपारी आवाज?"

"काही नाही. बंद पडून दोन वर्षं झाली," बाबा म्हणाले. "मी कानावर जगलेला माणूस आहे. असता तर पहिला तोच लिहिला असता."

नवा कागद. सतरा दोष. माझ्याच टेबलावर बसून सही केली. जाताना नर्स म्हणाली, "सोमवारी नक्की सांगते. पण हो धरूनच चाला."

ती गेल्यावर बाबांनी दाराच्या चौकटीवर एकदाच हातोडी मारली. ऐकलं. "पास," म्हणाले, आणि हातोडी खिशात टाकली. मग मला, "तुझं कुठवर आलं?"

"एकशे बारा."

"अजून किती लागेल?"

"दोन महिने. तीन."

"मग इथून गेल्यावर कुठे लिहिशील?"

"बघू."

ते माझ्याकडे जरा जास्त वेळ बघत राहिले. मग त्यांच्या बसची वेळ झाली.

१६ मार्च

ताईचा फोन. हसत होती. कधीपासून ऐकलं नव्हतं हे हसू. तिनं एक घर बघून ठेवलंय, बाबांना स्वतंत्र खोली, खोलीला खिडकी. "आणि ऐक, बाबांनी आज एकही फरशी वाजवली नाही. नुसते खाटेवर बसून पिल्लाशी खेळतायत. तू सोन्यासारखं काम केलंस, शहाणे."

दिवसभरात एक ओळ झाली नाही.

१७ मार्च, सोमवार

सकाळी नर्सचा फोन. नुकतीच घरी पोचली होती, आवाज झोपेचा.

"एकच शेवटचं. त्या खोलीत दिवसभर तुम्ही बसता, म्हणून तुम्हालाच विचारते. दुपारी खरंच शांत असतं ना?"

म्हटलं, "करवत चालते हो. रोज नाही. पण चालली की दुपारीच."

"वडील तर म्हणाले..."

"त्यांना अलीकडे कमी ऐकू येतं."

ती म्हणाली, "बरं झालं, तुम्ही तरी खरं सांगितलंत."

खोटे दोष आता बावीस.