माणसाचे निलंबन काढून गाडीला देण्याबाबत

प्रति,
माननीय मुख्य अधिकारी,
वाहन नोंदणी कार्यालय,
(जिना चढून डावीकडचं दार. उजवीकडचं उघडत नाही, मी ढकलून पाहिलं.)

विषय : नातवाचे निलंबन रद्द करून तेच त्याच्या गाडीस मंजूर करण्याबाबत.

संदर्भ : आपला आदेश, ज्यावर आपली सही आणि चहाच्या कपाचा गोल आहे.

महोदय, आणि महोदयांच्या आधी हा कागद वाचून हसणारे जे कोणी असतील ते,

माझ्या दोन्ही डोळ्यांची, त्यातही मोतीबिंदू काढलेल्या डोळ्याची, शपथ घेऊन लिहिते की यातला शब्द न् शब्द खरा आहे. घरात मला थापाडी म्हणतात, तिकडे लक्ष देऊ नये. म्हणणारे सगळे माझ्याच हातचं खाऊन वाढलेत.

१. आपल्याकडे खिडकीपाशी बसून नंबरप्लेटच्या नोंदी करणारा लिपिक, ज्याला घरी बारक्या म्हणतात, तो माझा नातू. त्याच्याकडे लाल स्पोर्ट्स कार आहे. गैरसमज नसावा. आपल्या पगारात अशी गाडी येत नाही, हे आपल्याला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. एका दंतवैद्याने ती भिंतीवर घातली आणि भंगारात काढली. बारक्याने सुट्टीच्या दिवशी खपून खपून ती उभी केली. दोन दारांची, उघड्या टपाची, आणि इतकी बुटकी की आत शिरायचं तर आधी रस्त्यावर बसावं लागतं. पळते मात्र सुसाट. दुखणं एकच, स्प्रिंगा दगडासारख्या. रस्त्यात नाणं पडलेलं असलं तर छापा वर आहे की काटा, ते बसल्या जागी कळतं.

२. या गाडीतून मला दवाखान्यात नेत असताना पोस्टासमोरच्या गतिरोधकावर ती आदळली आणि मी टपातून वर गेले. वर म्हणजे दुसऱ्या मजल्यापर्यंत. तिथे खिडकीत शिंपीणबाई इस्त्री करत होत्या. म्हणाल्या, "आजी, आत या की." मी म्हटलं, "आत्ता नको, खाली निघालेय." आणि आले खाली, माझ्याच सीटवर. पट्टा का लावला नव्हता, हा प्रश्न आपण विचाराल. लावला होता. पट्टाही आला होता वर.

३. त्या दिवशी बारक्याने ठरवलं की गाडीला चांगल्यातले शॉकअप आणि नव्या स्प्रिंगा घालायच्या. असा बदल करायचा तर आपल्याच कार्यालयाची परवानगी हवी. सगळं जग याला सस्पेन्शन म्हणतं, पण आपल्या भिंतीवर पाटी आहे की अर्जात परभाषेतला शब्द आढळल्यास अर्ज परत येईल. पोरगं सरळ. त्याने शब्दकोश काढला. त्यात शब्द निघाला 'निलंबन'. मग त्याने लिहिलं : 'विद्यमान निलंबन समाधानकारक नसून वरच्या दर्जाचे निलंबन मिळावे. पुढील आणि मागील, दोन्ही मिळावे. ते गरजेनुसार कमी-जास्त करता येण्याजोगे असावे.' वर विषयात गाडीचा नंबर होता, साहेब. पण अर्जदार आपलाच कर्मचारी, म्हणून कागद गेला आस्थापना शाखेत, आणि तिथले चष्मेवाले बाबू फक्त अधोरेखित शब्द वाचतात. बारक्याने अधोरेखित केला होता तो एकच.

४. मंजुरी इतकी झटपट आली की घरात सगळ्यांना आनंद झाला. उघडून बघतो तर बारक्याच निलंबित. पुढील निलंबन उद्यापासून, आणि मागील निलंबन गेल्या महिन्याचं, जेव्हा तो रोज कामावर होता. तेव्हा निलंबित माणूस सरकारी खुर्चीत बसलाच कसा, याची वेगळी चौकशी लागली आहे. कमी-जास्त करण्याचे अधिकार बाबूंनी स्वतःकडे ठेवले आहेत.

मी स्वतः बाबूंना भेटले. माणूस बोलायला गोड. म्हणाले, "आजी, ही गोष्ट इथे आजवर कुणी मागून घेतली नाही. यानं मागितली, म्हणजे काहीतरी केलं असणारच." आता म्हणे बारक्याने आपला गुन्हा येत्या सोमवारपर्यंत स्वतःच लेखी कळवायचा, नाहीतर नोकरी गेली. आम्ही घरचे सगळे गुन्हा शोधायला बसलो. त्याची आई म्हणाली, ओला टॉवेल पलंगावर टाकतो. मला एकच मोठा आठवला. शाळेत असताना त्याने शेजारच्या कुत्र्याला माझी कवळी घातली होती. कुत्रं दिवसभर गल्लीत हसत हिंडलं, आणि दोन भाऊबंदांची जुनी भांडणं मिटली. एवढ्यावर नोकरी जात असेल तर तसं कळवावं.

५. सध्या बारक्या घरी बसून झुरतो आहे. अन्न गोड लागत नाही. भिंतीकडे बघत बसतो. दुःख विसरायला म्हणून त्याने घरातल्या प्रत्येक वस्तूखाली स्प्रिंगा बसवल्या. त्याची आई डबा काढायला स्टुलावर चढली ती माळ्यावरच पोचली. उतरायला तयार नाही. वर शांत आहे म्हणते.

तरी साहेबांनी कृपाळू होऊन माणसाचं निलंबन काढावं आणि गाडीला द्यावं. कागद एकच, सही एकच, फक्त नाव इकडचं तिकडे. आपली सही फार देखणी आहे, ती पुन्हा करायला आपल्याला जड जाणार नाही.

आपली, उठता-बसता नम्र (खुर्चीखाली स्प्रिंग आहे),
बारक्याची आजी

दिनांक : आपण वाचाल तो. उशीर माझ्याकडून नाही.

सोबत : आदेशाची प्रत. गाडीची जुनी स्प्रिंग, एक; जड आहे, पायावर घेऊ नये. शब्दकोशाचं पान, फाडलंय, बारक्याला सांगू नये.

ता. क. डोळ्यांची शपथ घेतली आहे आणि दुसऱ्या मोतीबिंदूची तारीख जवळ आली आहे, म्हणून सांगते. यातली एक गोष्ट मी रचली. खिडकीची नव्हे. ती शिंपीणबाईंना विचारा, माझ्याशी बोलताना सदरा जळाला म्हणून अजून कुरकुरतात. बारक्या झुरतो आहे, हे रचलं. तो मजेत आहे. दोन्ही वेळा दाबून जेवतो, शीळ घालतो. झुरतोय आम्ही. साहेब, सोमवारची वाट बघू नका, आजच बोलवून घ्या त्याला. सकाळपासून तो टेप घेऊन घरचा जिना मोजतोय.