दार नसलेला माळ

दहिवली, कर्जत
१ मे २०२५

चि. पौर्णिमा हिस,
बाबांचा जयभीम आणि उदंड आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. धडगावच्या डोंगरातून निघून इथवर यायला त्याला आठवडा लागला, मी जीप घेऊन आलो असतो तर लवकर आणलं असतं. तुझ्या आश्रमशाळेत रेंज नाही म्हणून तू हळहळतेस. इथं रेंज रग्गड आहे, पण माझे कान गेले. शेजारच्या ओमकारनं परवा मोबाइल कानाला लावून दिला, तर आत नुसती माशी गुणगुणत होती. ती माशी म्हणे टेकडीवर चढून बोलणारी तू होतीस. तेव्हा आपलं पत्रच बरं. आणि एक, कानाचं कुणाला कळवायचं नाही. कुणाला म्हणजे कुणाला, ते तुला समजलं.

तू लिहिलेल्या त्या कार्यक्रमाची चौकशी ओमकारनं केली. चौक गावाच्या अलीकडे माळावर, पंचवीस तारखेच्या रविवारी, सकाळी जुन्या गाड्यांचं प्रदर्शन आणि दुपारी जीपगाड्यांची चिखलातली शर्यत. त्यानं आपल्या जीपचं नावही देऊन टाकलं. पाटबंधाऱ्याच्या नोकरीत जन्मभर चालवली तीच जीप मी लिलावात घेऊन घरी आणली, तेव्हा तुझी आई म्हणाली होती की आता हिलाच भाकरी वाढा. रोज पुसतो तेव्हा तिचं हे बोलणं आठवतं.

आता तुझ्या शेवटच्या चार ओळी. शेवटी लिहिल्यास म्हणजे सगळं पत्र त्यासाठीच होतं. प्रीतम कोइंबतूरच्या शर्यतवाल्यांबरोबर मेकॅनिक म्हणून त्याच माळावर येणार आहे. तुझी आई गेली तेव्हा हा तिकडे शर्यतीच्या गाडीखाली निजला होता आणि सगळं उरकल्यावर उगवला. चार माणसांत मी त्याला म्हटलं की या दारात पुन्हा पाय ठेवू नको. तोही माझाच, म्हणाला की तुम्ही बोलावल्याशिवाय ठेवणार नाही. याला दहा-अकरा वर्षं झाली. दिलेला शब्द मी गिळणार नाही. पण माळाला दार नसतं. तिथं कोण येतं आणि कोण माझ्या जीपचं बॉनेट उघडून बघतं, हे विचारायला मी काही तिथला रखवालदार नाही. एवढं तू त्याला कळवलंस तरी चालेल. मी सांगितलं असं लिहू नको.

विहाराची रंगरंगोटी चालली आहे. मला फक्त शिडी धरायला देतात. माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नकोस.

तुझे बाबा


कोइंबतूर
१६ मे २०२५

ती. ताईस,
प्रीतमचा सप्रेम जयभीम. वि. वि.

माळाला दार नसतं, हे तू उतरवून पाठवलेलं वाक्य मी किती वेळा वाचलं ते सांगत नाही, तू हसशील. बाबांनी सांगितलं नाही असं तू लिहिलंस, म्हणजे त्यांनीच सांगितलं. मी येतोय.

पहिलं काय बोलायचं तेवढं ठरत नाही. कार्ब्युरेटरपासून सुरुवात करीन म्हणतो. त्यावर बाबा चिडले तरी बोलतात. आईचा विषय मी काढणार नाही, त्यांनी काढला तर ऐकून घेईन. त्या दिवशी निरोप मला उशिरा मिळाला होता, हे मी त्यांना कधी सांगूच शकलो नाही. सांगायला तोंड उघडलं तेव्हा दार लागलं होतं.

भीती एकच आहे. मागच्या दिवाळीत मी घरी फोन लावला होता. बाबांनी उचलला, दोनदा हॅलो म्हणाले. मी बाबा म्हटलं, आणि त्यांनी फोन ठेवून दिला. आवाज ओळखूनच ठेवला असणार. माळावर असंच तोंड फिरवलं तर मी काय करू, ते तूच सांग.

राग आणि लोभ, दोन्ही असू दे.

तुझा,
प्रीतम


दहिवली
२७ मे २०२५

चि. पौर्णिमा हिस,
बाबांचा जयभीम व आशीर्वाद. वि. वि.

यंदा पावसाला मे महिन्यातच घाई झाली. आठवडाभर नुसतं झोडपतोय. रविवारी भल्या सकाळी ओमकार आला आणि पोरीच्या पाटीवर मोठ्या अक्षरात रद्द असं लिहून माझ्या नाकासमोर धरलं. चिखलातली शर्यत चिखलामुळे रद्द! नवरी आली म्हणून लग्न मोडलं, असं ऐकलं आहेस कधी?

मी म्हटलं, रद्द गाड्या झाल्यात, माणसं नाही. ओमकारचे हातवारे म्हणत होते की काका, तितं कोन बी नसंल, उगा भिजाल. ताडपत्री बांधली आणि निघालो. घरी आणल्यापासून मी जीप पावसात काढली नव्हती, हे तुम्हा दोघांना ठाऊक आहे.

माळावर मांडववाले ओल्या कनाती गुंडाळत होते. मी जीप रस्त्याच्या कडेला, येणाऱ्याला लांबून दिसेल अशी लावली. बाहेरगावची मोठी गाडी दिसली की काच पुसायचो. मांडववालेही गेले. मग मी एकटाच. संध्याकाळ व्हायला आली तसा घरी आलो.

इंजिन आखडू नये म्हणून गेलो होतो, असं ओमकारला सांगितलं. तुझ्यापाशी काय लपवायचं? पोर, मला फार वाईट वाटलं. खोकला झाला आहे, आल्याचा रस घेतो. तुझ्या खुशालीची दोन अक्षरं येऊ देत.

तुझे बाबा


कोइंबतूर
१ जून २०२५

ती. ताईस,
सप्रेम जयभीम. वि. वि.

नशीबच फुटकं. आमचा ट्रक लोणावळ्याला पोचला होता, तेवढ्यात कार्यक्रम रद्द झाल्याचा निरोप आला आणि मालकानं गाडी वळवली. मी तिथंच उतरून एसटीनं घाट उतरू शकलो असतो. पण उतरून जाणार कुठे? मी एकदा भर पावसात जीप अंगणातून हलवली होती, तर बाबांनी मला जेवत्या ताटावरून उठवलं होतं. रद्द झाल्यावर, अशा पावसात, ते ती बाहेर काढणं शक्यच नव्हतं. माळ गेला की उरतं घर, आणि तिथं मला बोलावलेलं नाही.

परतीच्या रस्त्यावर बरोबरची पोरं चिडवत होती की शर्यत तर आपण हरलोही नाही, मग हा रडतो कशाला.

लोभ आहे, तो राहू दे.

प्रीतम


आश्रमशाळा, धडगाव
१४ जून २०२५

चि. प्रीतम यास,
ताईचा जयभीम व आशीर्वाद. वि. वि.

तुझं आणि बाबांचं पत्र दोन दिवसांच्या अंतरानं मिळालं. दोन्ही समोर ठेवून मी शाळेच्या ओट्यावर ढसाढसा रडले. मुली विचारत होत्या की बाईंना कुणी मारलं का.

बाबा गेले होते रे. पावसात, जीप घेऊन, दिवसभर त्या माळावर. तू लोणावळ्याहून वळलास तेव्हा ते खाली बसून होते. मी त्यांनाही कळवलं आहे की तू लोणावळ्यापर्यंत आला होतास. तुम्ही दोघं एका हट्टाची दोन टोकं धरून बसला आहात, आणि मधल्या मधे माझे हात सोलवटले आहेत.

दिवाळीतला फोन मनातून काढून टाक. का, ते मला सांगता येत नाही, मला शब्दात बांधलं आहे. पण तो राग नव्हता, एवढा माझ्यावर विश्वास ठेव. सरळ उठ आणि घरी जा. नाहीच जाणार, हे मला माहीत आहे, तरी लिहिते.

तुझी,
ताई


दहिवली
३ ऑक्टोबर २०२५

चि. पौर्णिमा हिस,
बाबांचा जयभीम व आशीर्वाद. वि. वि.

राहिलेला कार्यक्रम दिवाळीनंतर, सव्वीस तारखेला घेणार आहेत. तोवर आभाळ मोकळं होईल असं सगळे म्हणतात. नाव पुन्हा दिलं. पत्रा गंजू नये म्हणून जीपला खालून ऑइल मारून घेतलं. स्वतःलाही एक सदरा शिवून घेतला, हसू नकोस.

तो लोणावळ्याहून परत गेला त्यात त्याचं काही चुकलं नाही. रद्द म्हणजे रद्द, हे मीच त्याला लहानपणापासून शिकवलं. म्हातारपणी मीच पोरकटपणा केला आणि पुढे महिनाभर खोकत बसलो. आता पुन्हा पाऊस आलाच तर मी त्याच्यासारखा शहाण्यानं घरी बसेन. पण पाऊस येणार नाही. एवढा काही तो आपल्या वाईटावर नाही.

पत्राला उशीर करू नको, पोस्टमन मला तोंड चुकवतो.

तुझे बाबा


पुणे
२८ ऑक्टोबर २०२५

ती. ताईस,
जयभीम. वि. वि.

पुन्हा पाऊस. कापलेलं भात शेताशेतांत तरंगतंय आणि तिथं गाड्या कसल्या पळवतात? शनिवारी संध्याकाळीच रद्द झाल्याचं कळलं. आमचा ट्रक पुण्यातच थांबला. पण या वेळी मी ठरवून आलो होतो. बाबा मे महिन्यात बसले तसे आताही येऊन बसतील म्हणून मी पहिल्या एसटीनं घाट उतरलो. माळावर एका पडक्या कमानीखाली उभा राहिलो. दुपार झाली. बाबा आले नाहीत.

मग मी दहिवलीला गेलो. दारात नाही, समोर रस्त्यापलीकडे, चिंचेखाली. बाबा पत्र्याच्या शेडमध्ये जीप पुसत होते. खांदे किती उतरलेत गं त्यांचे. मी हाक मारली. त्यांनी मान वर केली नाही. पाऊस होता, म्हणून मोठ्यानं मारली. शेजारच्या ओट्यावरची म्हातारी वळून बघायला लागली, एवढ्या मोठ्यानं. बाबा फडका पिळत राहिले. मग एकदा त्यांनी समोर बघितलं. सरळ माझ्याकडे. बराच वेळ बघितलं, आणि उठून आत गेले.

माझं उत्तर मला मिळालं. त्यांना दोष देत नाही. पण आता माळाचं, मैदानाचं काही काढू नकोस. आम्ही वर्षअखेर मलेशियाला जातोय, दोन वर्षं तिकडेच राहायचं विचारत होते. मी हो म्हणून टाकलं.

तुझ्यावर राग नाही.

प्रीतम


दहिवली
२८ ऑक्टोबर २०२५

चि. पौर्णिमा हिस,
बाबांचा जयभीम व आशीर्वाद. वि. वि.

पाटीवर पुन्हा तोच शब्द आला. या वेळी मी ठरवल्याप्रमाणे घरी बसलो. नवा सदरा घडीचा पेटीत ठेवला. तो पुण्याहूनच वळला असेल. शहाणा आहे.

दिवसभर कशात लक्ष लागलं नाही म्हणून जीप पुसत बसलो. समोर चिंचेखाली कुणी परगावचा माणूस उभा होता. चांगला आडव्या अंगाचा, दाढीवाला, रेनकोटाची टोपी ओढलेली. टेंपोची वाट बघत असावा. बराच वेळ भिजत होता बिचारा. वाटलं, चहाला बोलवावं. पण बोलावून करू काय? तो काही बोलणार, ते मला ऐकू येणार नाही, मी भलतंच उत्तर देणार. कान गेल्यापासून मी अनोळखी माणसाच्या वाटेला जात नाही. तरी राहवेना म्हणून आत जाऊन चहा टाकला, कप भरून बाहेर आलो, तर माणूस गेलेला. तो चहा मीच प्यायलो.

कुणाच्या घरचा असेल कोण जाणे. तू जपून राहा.

तुझे बाबा


धडगाव
८ नोव्हेंबर २०२५

प्रीतम,
कसलं वि. वि.? टेकडीवर चढून तुला फोन लावला, लागत नाही, म्हणून लिहिते.

बाबांना ऐकू येत नाही. दोन वर्षं झाली. तुला कळवायचं नाही असं त्यांनी मला बजावलं होतं, तो शब्द मी आज मोडला. तुझी एकही हाक त्यांच्यापर्यंत पोचली नाही, दिवाळीतली फोनवरचीसुद्धा नाही. ते तोंड फिरवून आत गेले नव्हते. सोबत त्यांचं पत्र ठेवलं आहे. ते कशासाठी आत गेले ते त्यांच्याच अक्षरात वाच.

त्यांनाही याच टपालानं लिहिलं आहे की चिंचेखालचा माणूस कोण होता. तुझा पत्ताही दिला आहे. आता पुढचं तुमचं तुम्ही बघा. मी थकले.

ताई


दहिवली
१५ नोव्हेंबर २०२५

चि. प्रीतम यास,
बाबांचा जयभीम आणि आशीर्वाद. वि. वि.

पौर्णिमाचं पत्र आलं. मी ते ओमकारला दिलं आणि मोठ्या अक्षरात पाटीवर लिही म्हटलं, कारण मला वाटलं मी चुकीचं वाचतोय. त्यानंही तेच लिहिलं.

तू होतास. मी तुझ्याकडे डोळे लावून बघितलं आणि मला वाटलं कुणी परका आहे. मी मनात काडीसारखा पोरगा धरून बसलो होतो, तोच माळावर शोधत होतो. तुझी आई असती तर तिनं तुला पाठमोरा ओळखला असता. मी बाप असून मला तू समोरून कळला नाहीस. हे मी कुठं ठेवू?

निरोप तुला उशिरा मिळाला हेही पौर्णिमानं लिहिलं. मी तेव्हा विचारायला हवं होतं. विचारलं नाही.

घरी ये. मी बोलावतोय, ओमकारच्या सांगण्यावरून नाही, पौर्णिमाच्या नाही. ऊन असो, पाऊस असो, मलेशियाला जाण्याआधी ये. फक्त एक कर. येण्याआधी तुझा आत्ताचा एक फोटो टपालानं पाठव. चार दिवस बघून ठेवतो, म्हणजे या वेळी मी चुकणार नाही.

तुझे बाबा