पाय धुतलेलं पाणी

चैत्र शुद्ध द्वादशी. मुक्काम चाकूरच्या पुढं, शाळेच्या व्हरांड्यात.

तुळजापूरच्या वाटेला आज लई ऊन होतं. लोह्याहून निघालेल्या आम्हा चौघींच्या बाटल्या दुपारीच संपल्या. रस्त्याकडेच्या घरातून एक मावशी घागर घेऊन आली नि सरळ आमचे पाय धुवायला बसली. "देवीला चाललेली पावलं हायेत माय, न्हाई म्हणू नका." मी कसली नाही म्हणते! भेगांवर गार पाणी पडलं तसा दुसरा पायही मीच पुढं केला.

मग प्यायला मागितलं.

"आणते की, टेका जरा," म्हणत तीच रिकामी घागर डोक्यावर घेऊन ती शेतापलीकडच्या बोअरकडं निघाली. घरात तेवढंच पाणी होतं. तरी आम्ही सावलीत बसूनच राहिलो. निदान मी तरी सोबत जायचं होतं. पाय आत्ताच धुतलेत, पुन्हा मातीत कशाला, असं खरंच मनात आलं.

ती घामाघूम होऊन आली. आम्ही प्यायलो, घागर रिकामी होईस्तोवर बाटल्याही भरून घेतल्या. पुढचा फाटा येईतो पाय होते तसेच धुळीनं भरले.

मघापासून आठवून बघतेय, ती स्वतः प्यायली का? मी पाहिलंच नाही.